पस्तीस पावलांची नाली

मामीचा फोन आला तेव्हा मी राजापेठेत मित्राच्या दुकानासमोर उभा राहून चहा पिऊन राहिलो होतो. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. मले एक वाईट खोड आहे, घरच्या कोणाचाही फोन मी आपल्या आवाजात उचलतच नाही. कधी बँकेतला साहेब होतो, कधी बॅन्डवाला, कधी गावातला एखादा पुढारी. त्या दिवशी मोबाइलमधली बाई झालो. नाक जरासक दाबलं अन् एकदम गोड आवाजात सुरू झालो, "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता, ती व्यक्ती सध्या प्रतिसाद देऊ शकत नाही. कृपया थोड्या वेळाने..." मित्र हसला. मामी तिकडून ऐकत राहिली. तिनं माहं मराठीतलं होऊ देल्लं, मंग हिंदीतलं होऊ देल्लं, इंग्रजीतलंही होऊ देल्लं. अन् मंग म्हणाली, "गोल्या, तुहे मामा गेले रे."

त्याले आता दोन महिने होत आले. मी लोकायले हसवायचं काम करतो... हळदीच्या कार्यक्रमात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, दुकानाच्या उद्घाटनाले. माईक हातात घेऊन पन्नास माणसाचे आवाज काढतो. पण त्या मोबाइलमधल्या बाईचं वाक्य अजूनही तोंडात आलं की मी थांबतो. त्या दिवशी अमरावतीहून अकोल्याची एस्टी पकडली, मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीच्या बाहेर पाहत बसलो अन् सारखं एकच डोक्यात येत होतं, की मामी थांबली काहून? मधातच ओरडली असती, "चूप बस बे भैताडा" म्हणाली असती, तर मले बरं वाटलं असतं.

मामा म्हणजे माह्या आईचा थोरला भाऊ, दिगंबर. अकोल्याच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होता, रिटायर होईपर्यंत. परीक्षानळ्या धुणे, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणे, अन् विज्ञानाचे मास्तर प्रयोगात चुकू लागले की काही न बोलता बरोबर बाटली त्यांच्या समोर सरकवून देणे. विज्ञान त्याले मास्तरायपेक्षा जास्त येत होतं, हे मास्तरच सांगत. स्वतः मास्तर व्हायचं त्याच्या लय मनात होतं. जवानीत मुलाखतीले गेला होता म्हणे. साहेबानं पहिला प्रश्न विचारला, नाव काय तुमचं? अन् मामा तिथंच अटकला. द... द... शेवटी साहेबानंच कागदावर पाहून नाव पुरं केलं अन् म्हणला, बरं, या आता.

मामा तोतरा होता. कधी मधी नाही, रोज, प्रत्येक वाक्यात. अन् तोतऱ्या माणसाले जग कसं वागवते हे मी त्याच्याकडं पाहून शिकलो. कोणी वाईट वागत नव्हतं. सारे मदत करत. भाजीवाला त्याचा शब्द पुरा करे, शेजारी पुरा करे, माही आई तर आख्खं वाक्यच पुरं करे अन् दहापैकी सहा वेळा चुकीचं करे. मामाले पाहिजे असत कारली. त्याचं ‘का... का...’ होईपर्यंत भाजीवाला म्हणे, "काकडी ना भाऊ? घ्या, कवळी आहे." अन् मामा काकडी घेऊन घरी ये. मामी पिशवीत पाहे, काही न म्हणता कोशिंबीर करे. त्या घरात एवढी कोशिंबीर काहून होते हे मले लहानपणी कोडंच होतं.

मी चांदूर बाजारचा. उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की आई मले अकोल्याले मामाकडं पाठवून दे. अकोल्याच्या उन्हात पोट्टं घराच्या बाहेर निघत नाही, हा तिचा हिशेब. अन् तिथं, मी सात-आठ वर्षांचा असताना, मले एक चमत्कार सापडला. मामाच्या घरात पुढच्या खोलीत एका टेबलावर रेडिओचं खोकं होतं. गाणे ऐकायचा रेडिओ नाही, बोलायचा रेडिओ. हॅम रेडिओ म्हणतेत त्याले. मामानं सरकारी परीक्षा देऊन त्याचं लायसन काढलं होतं. मांगच्या आंगणात जांबाच्या झाडाजवळ लोखंडी पाइप उभा, पाइपापासून गच्चीच्या टाकीपर्यंत ताणलेली तार, अन् पाइपापासून आंगणातून खोलीपर्यंत आलेली बोटाएवढी जाड काळी केबल. सकाळी साडेसात वाजले की मामा माइकचं बटण दाबे, अन् देशभरातले त्याचे सात-आठ दोस्त तिकडून बोलत. कोणी खंडव्याचा, कोणी हुबळीचा. विषय काय तर तुमच्याकडं पाऊस किती, आमच्याकडं टमाटे किती. मी दाराआड उभा राहून ऐकलं अन् मले वाटलं खोलीत दुसराच कोणी माणूस येऊन बसला. खडा, साफ, एका सुरात चाललेला आवाज. "अकोल्यात आज आकाश निरभ्र आहे, कालचं तापमान चव्वेचाळीस, आपला आवाज पाच-नऊ येत आहे..." पाच-नऊ म्हणजे एकदम स्वच्छ. मी डोकावून पाह्यलं तर मामाच! एकटाच! कुठंच न अटकता! तिथं त्याले आपलं नावही सांगा लागत नव्हतं. सरकारनं देल्लेली चार-पाच अक्षरं, तेच नाव. ते तो असं म्हणे जशी तोफेची सलामी.

साडेआठले रेडिओ बंद होये. मामा खोलीच्या बाहेर ये अन् चहासाठी मामीले हाक मारे, "... कु... कु... कुसुम..."

आता जे सांगतो ते सांगायची लाज वाटते, पण ते टाळून मामाविषयी लिहिता येत नाही. मले माणसायचे आवाज काढता येतेत हे मले शाळेत समजलं. आमचे हेडमास्तर रजेवर असले तरी त्यांचा आवाज शाळेत फिरे, तो माहा असे. अभ्यासात मी कोणाच्या ध्यानात राहिलो नाही, नकलांमध्ये राहिलो. अन् माही सगळ्यात जास्त चालणारी नक्कल मामाची होती. ‘कोकिळा मामा’ म्हणत तिले. कुठंही चार नातेवाईक जमले की कोणी ना कोणी म्हणे, गोल्या, कोकिळा मामा कर ना बे. मी लगेच तयार. आंब्यावर बसून कोकिळा ओरडून राहिली, कु... कु... अन् मामी खालून म्हणते, आली वं आली... लोक लोळत. एका बहिणीच्या लग्नात, अमरावतीले, ऑर्केस्ट्रावाले जेवायले गेले तेव्हा माइक मोकळा सापडला. मांडवात चारशे माणूस. मी कोकिळा मामा केला. मांडव हालला. मी झुकून नमस्कार केला, मान वर केली, तर तिसऱ्या रांगेत मामा बसलेला. तो संध्याकाळच्या गाडीनं येणार होता, दुपारीच आला. हसून राहिला होता. चारशे माणूस हसत असलं तर मधात बसलेला एकटा माणूस दुसरं काय करन?

जेवणं झाल्यावर तो माह्याजवळ आला. खांद्यावर हात ठेवला, तोंड उघडलं, "ते... च... च..." अन् मी, ज्यानं आत्ताच त्याची चारशे लोकायत कोकिळा केली होती, मी घाईघाईनं त्याचा शब्दही पुरा केला. "चांगलं झालं ना मामा?" मामानं जरा पाह्यलं माह्याकडं. मंग मान हालवली अन् हात धुवाले गेला. त्या दिवसापासून ती नक्कल मी बंद केली. पण बंद करणं वेगळं अन् जाऊन बोलणं वेगळं. बोलणं काही जमलं नाही. तीन वर्षं जमलं नाही. पन्नास आवाज आहेत माह्याजवळ, त्यातल्या एकालाही "मामा, चुकलो" म्हणता येत नव्हतं.

मंग एका दिवाळीच्या आधी मामीचा फोन आला. मामी बोलाची हातचं राखून, पण त्या दिवशी सरळच म्हणाली, "गोल्या, घरात आवाज नाही रे. तू ये." झालं असं होतं, की ती अँटेनाची केबल आंगणातून बांबूवर टेकवून नेली होती. वाऱ्यानं बांबू सरकला, केबल पायरीजवळ लोंबली, अन् सकायी सकायी पाण्याची बकेट घेऊन चाललेल्या मामीचा पाय तिच्यात अडकला. मनगट मोडलं. मामानं त्याच दिवशी केबल गुंडाळली अन् खिळ्याले टांगून देल्ली. मामीचं मनगट दीड महिन्यात जुळलं, केबल चार महिने झाले तरी खिळ्यालेच. साडेसात वाजले की मामा बंद रेडिओसमोर जाऊन बसे अन् साडेआठले उठे. बाहेर तर तो आधीच कमी बोले, आता घरातही आठवड्याले दहा शब्द. मामी म्हणे लावा परत, तो मान हालवे, नाही. शेवटी मामीनंच उपाय काढला. "जमिनीत गाडा त्याले. वरच नसन तं कोनी अडकन कायले?"

तर दिवाळी झाल्यावर आमी नाली खोदायले घेतली. पुण्याकडचे त्याले चर म्हणतेत, आमच्याकडं नालीच. जांबाच्या झाडापासून खोलीच्या भिंतीपर्यंत पस्तीस पावलं. मी टिकास अन् सब्बल घेऊन उतरलो तर कुंपणावरून शेजारचे काका म्हणे, "नाली खोदून राहिले? नगरपालिकेची येऊन राहिली का?" मी त्यांच्याच आवाजात उत्तर देल्लं, "हो ना, तुमच्याच घरातून नेतो म्हणतेत." दिवाळीनंतरची माती, ओलसर, टिकास घातलं की लोण्यासारखी निघे. मामानं सुतळी बांधून चुना टाकला, एकदम सरळ रेघ. केबल जेवढी लांब तेवढा सिग्नल वाटेत मरते, म्हणून एक इंच जास्त नको, हे त्यानं मले कागदावर लिहून समजावलं. मामी पायरीवर बसली होती. ती भातकुलीकडची, घरी वावर, लहानपण मातीतच गेलेलं. ती म्हणे, "सरळ नोका टाकू. कायी माती हाय. ते चालते."

मी हसलो. "मामी, माती चालते म्हणजे कुठी जाते? मूर्तिजापूरले?"

मामाही हसला. आमी दोघं विज्ञानवाले, एक प्रयोगशाळेतला अन् एक दहावीत बावन्न टक्केवाला. मामी म्हणे, "हासा, हासा." आमी केबल मोजून कापली, गिटारीच्या तारेसारखी ताणून दोन्हीकडून पक्की केली, माती लोटली, पायानं दाबली. दुसऱ्या दिवशी साडेसातले मामानं बटण दाबलं अन् खंडव्याचा दोस्त तिकडून ओरडलाच, "अरे दादा, ज़िंदा हो!" मामी सयपाकघरात होती. भाकरीचा आवाज थांबला एक मिनिट, मंग परत सुरू झाला.

मी अमरावतीले परत आलो तो मोठा ताठ होऊन. ती नाली मी कशासाठी खोदली होती हे मले माहीत होतं. तोंडानं जे होत नव्हतं ते टिकासानं केलं होतं. मामाले समजलं असन, आता मिटलं, असं मी स्वतःले सांगून टाकलं. अन् चैत्र सरता सरता फोन आला की रेडिओ मुका झाला. जाऊन पाहतो तर आंगणात हात जाईन एवढ्या भेगा, आमच्या सरळ रेघेले आडव्या. उन्हानं काळी माती आकसली होती, जागोजाग फाटली होती, अन् फाटता फाटता आमची ताणलेली केबल तिनं दोन्हीकडून ओढली होती. वरून काही दिसे नाही, आतली तांब्याची तार तुटलेली. विज्ञानवाले दोघंही भेगेत पाहत बसले. मामी मांगून म्हणाली, "चालते म्हनलं होतं का नव्हतं?" कोणीच मूर्तिजापूरचं नाव काढलं नाही.

मामानं हात झटकले. राहू दे, असं हातानंच सांगतलं. अन् मले अशी भीती वाटली की आता तो परत त्या बंद खोक्यासमोर जाऊन बसन, अन् या वेळी उठणार नाही. माही माफी पाच महिन्यातच तुटली होती, तेही माह्याच हुशारीनं. मी म्हणलं, मी जात नाही. नाली परत होईन.

वैशाखात काळी माती खोदणं काय असते ते ज्यानं केलं त्यालेच माहीत. सब्बल मारली की टणकन वर येते, हाताले झिणझिण्या. मामीनं सांगतलं तसं आदल्या संध्याकाळी रेघेवर पाणी सोडून ठेवा, मंग सकायी ऊन चढायच्या आत जेवढं निघते तेवढं काढा. या वेळी मुकादम मामी होती. नाली आधीपेक्षा रुंद अन् खोल. खाली मुरूम, वर रेती, म्हणजे माती केबलले चिकटणार नाही. अन् केबल सरळ नाही, सापासारखी, वळणं घेत, जागोजागी ढील सोडून. मामानं खिशातून कागद काढून काहीतरी मांडलं अन् तिले दाखवलं. "सि... सि... सिग्नल जाईन थोडा." मामी म्हणे, "जाऊ द्या थोडा. तुटन तं नाही." नवी केबल आणली. पस्तीस पावलांच्या नालीत पंचेचाळीस पावलांची.

तिसऱ्या सकाळी नाली पुरी होत आली होती. मी आत उभा होतो, मामा काठावर बसलेला, पाय नालीत सोडून. सब्बल त्याच्या मांडीवर. तो म्हणाला, "गोल्या... तू... लग्नात... कु-कु केलं होतं..."

 मी म्हणलं, "मामा, ते मी..." त्यानं हात वर केला.  अन् तिथं, त्या नालीत, जिंदगीत पहिल्यांदा मी त्याचं वाक्य होऊ देल्लं. लय वेळ लागला. जांबावर पोपट येऊन गेले.

"ते... च... चुकीचं होतं. त्या दिवशी... हेच सांगून राहिलो होतो. तू म्हणला चांगलं."

"हो मामा. मले माफ..."

"ऐक ना बे!" मामा चिडला. मले तो चिडलेला कधी दिसलाच नव्हता. मंग त्यानं जे सांगतलं ते अटकत अटकत, दहा-पंधरा मिनिटांत, मी इथं एका दमात लिहितो. तो म्हणला, तू अक्षरावर अटकतं. कु-कु-कु. लोकायले तेवढंच ऐकू येते, म्हणून तू तेवढंच उचललं. मी अक्षरावर नाही अटकत, अक्षराच्या आधी अटकतो. तोंड उघडं, जीभ जागेवर, शब्द समोर दिसते, अन् हवा बंद. कु निघाला म्हणजे मी सुटलो. तू सुटलेल्या माणसाची नक्कल करून राहिला. "न... नक्कल करतं तं... नीट कर."

मले वाटलं तो बोलून मोकळा झाला. नाही. म्हणे, "कर." मी म्हणलं, मामा, मी सोडली ती नक्कल. "कर." मी केली. त्यानं मान हालवली, चूक. परत केली. चूक. त्यानं माह्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं, इथं बंद कर. तिसऱ्यांदाही चूक. शेवटी म्हणला राहू दे, तुले नाही जमत... अन् हसला. मी त्याले विचारलं, मंग रेडिओवर कसं जमते तुमाले? तर तो जरासक लाजला. जवानीत तो अकोला स्टेशनावर जाऊन बसे म्हणे, गाडीले नाही, गाड्या पुकारणाऱ्या माणसाचा आवाज ऐकाले. फलाटावरचा भोंगा. अमुक गाडी तमुक फलाटावर येत आहे. कितीही गर्दी असो, गाडी लेट असो, तो माणूस कधी अटकला नाही. मामानं तो आवाज पाठ केला. "तिथं... मी नाही बोलत. तो बोलते. मी... नक्कल करतो." मंग माह्याकडं बोट दाखवून म्हणे, "तू माही... मी त्याची."

त्यानं मले माफ केलं का? मले माहीत नाही. तो शब्दच त्यानं मले म्हणू देल्ला नाही. त्यानं मले शिकवलं. ज्या माणसाले नाव सांगता आलं नाही म्हणून कोणी वर्गात उभं राहू देल्लं नाही, त्यानं घरामांगच्या नालीच्या काठावर बसून एक तास घेतला. विद्यार्थी नापास झाला, ते सोडा.

केबल टाकली. मामीनं खाली उतरून प्रत्येक वळण हातानं पाह्यलं, एका ठिकाणी मले शिव्या देऊन परत करायले लावलं. त्याच्यानंतर एक पावसाळा गेला, एक उन्हाळा गेला, आंगणात भेगा पडल्या, मिटल्या, परत पडल्या. माती आपली चालत राहिली. केबल टिकली. साडेसातले खोलीतून खणखणीत आवाज, साडेआठले मामीले हाक. मी महिन्यातून एकदा जाये. आमच्यात नवीन असं काही झालं नाही, फक्त मी त्याचे शब्द पुरे करणं सोडलं. जमे नाही सुरुवातीले, जीभ चुळबुळ करे. त्यामुळं मामाच्या तोंडून मले अशा गोष्टी ऐकाले मिळाल्या ज्या माह्या आईले साठ वर्षांत मिळाल्या नसतीन. अन् एका सकाळी अंघोळ करून तो आंगणात खुर्ची टाकून बसला, मामी आतून चहा घेऊन आली, तर...

तेरवीले खंडव्याचा तो दोस्त आला. पांढरी मिशी, हातात कापडी थैली, मामाले त्यानं आख्ख्या जिंदगीत पाह्यलं नव्हतं, फोटो पाहून म्हणे, "अच्छा, ऐसे दिखते थे दादा." पंगत बसायच्या आधी सगळे ओसरीत होते तेव्हा तो मामीले म्हणाला, "भाभीजी, तीस साल में उनके जैसा साफ़ बोलने वाला नहीं सुना. एक अक्षर इधर का उधर नहीं."  माही आई आपल्या बहिणीकडं पाहू लागली. कोणाले तरी हसू आलं, ते खोकल्यात गेलं. तीस वर्षं रोज सकाळी एक तास बोलूनही त्या माणसाले माहीतच नव्हतं. मी मामीकडं पाह्यलं. मामी म्हणाली, "जेवून जा भाऊ."

माह्या मनात मातर तेच घोळत राहिलं. मले वाटलं, बरं झालं. जगात निदान सात-आठ माणसं अशी आहेत ज्यायच्याजवळ मामा साफ उरला, जसा त्याले व्हायचं होतं तसा. खरा मामा तोच. आपल्यासोबत होता तो बिचारा अटकलेला.

दोन दिवसांनी मी निघालो. पाहुणे सारे गेले होते. दुपारी मामी पुढच्या खोलीत, रेडिओच्या टेबलाजवळ खाली बसून, सुपात तुरीची डाळ निवडत होती. ती खोली तिची कधीच नव्हती, आता तिथंच बसते म्हणाली. केबल भिंतीतून आत आलेली, टेबलाखाली एक वेटोळं घालून उरलेली ढील ठेवलेली, तशीच. मी पाया पडलो. ती म्हणाली, "गोल्या, एक डाव त्यायचा आवाज काढ ना रे."

मले वाटलं, या दिवसासाठीच मी नकला शिकलो. मी सरळ उभा राहिलो, छाती भरून घेतली, अन् तो आवाज काढला. रेडिओवरचा. अकोल्यात आज आकाश निरभ्र आहे... खडा, एका सुरात, कुठंही न अटकता. हा आवाज मी कधी कोणासमोर काढला नव्हता. खोटं कायले बोलू, एवढी चांगली नक्कल मले जिंदगीत जमली नाही. 

मामीनं मान हालवली. "हा कोनाचा होय? हा तं त्या खंडव्यावाल्याच्या वाट्याचा. मले भिंतीतून ऐकू येये, तो. माह्यावाला काढ."

मी म्हणलं, "मामी, ते मी सोडलं."

ती डाळीतले खडे बाजूले करत राहिली. म्हणाली, "लगन झालं तवा मीच त्यायले म्हनलं होतं. माह्यं नाव नोका घेऊ. साऱ्या बायायले त्यायचे नवरे ‘अवं’ म्हनतेत, तुमीबी अवं म्हना. अवं म्हनाले काई लागत नाही, तोंड उघडलं का निंगते. तं म्हने नाही. कुसुमच म्हनीन. लागन तेवढा टाइम लागू दे." मंग तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं अन् माह्याकडं पाह्यलं. "काढ."

मी तोंड उघडलं. जीभ जागेवर होती, शब्द समोर दिसत होता. अन् आवाजच निघे ना. मी काही करून नव्हतो राहिलो, नक्कल नव्हती ती... गळ्यात कुठंतरी सारं बंद झालं होतं, डोळ्यातून पाणी येत होतं अन् तोंड तसंच उघडं. मामीनं शब्द पुरा केला नाही. राहू दे म्हणाली नाही, पाणी आणाले उठली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती माह्या तोंडाकडं पाहत बसली, जशी काही घाईच नव्हती.